सुईने नेलेला पाय

१८ जानेवारी, रविवार. रविवारी संध्याकाळी माझी खानावळ बंद असते, म्हणून महिन्यातून एकदा रविवारी दुपारी गच्चीवरची पाण्याची टाकी धुऊन घेते. पाणी सोडून दिलं होतं, तळाशी बोटभर गाळ उरला होता आणि मी कमरेपासून आत वाकून काथ्याने कडा घासत होते. तेवढ्यात फोन वाजला. हात ओले, म्हणून कोपराने स्पीकर लावला आणि घासणं चालू ठेवलं.

उदगीरहून अक्काच्या सुनेचा फोन होता. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ही सून मूळची देवणीची, बी.ए. झालेली, एरवी मोठ्याने बोलणारी. आज मात्र आवाज खाली होता. न्हाणीघरातून बोलत असावी, कारण मागे नळ सोडलेला ऐकू येत होता.

"मावशी, तुम्ही येता का? बुधवारी अंगणवाडीत लसीकरण हाय."

"मग ने की बाळाला."

"आई नको म्हणून राहिल्यात. थेंब पाजा म्हणतात, सुई न्हाई. मागच्या टायमाला सिस्टरनी सुई हातात घेतली अन् आईंनी बाळ उचलून सरळ घर गाठलं."

"तुझा नवरा काय म्हणतो?"

"ते म्हणतात, तुझं तू बघ. मावशी, बाळ चार महिन्यांचं झालं. जन्मल्यावर दवाखान्यात टोचलं तेवढंच. ते कळल्यावरबी आई माझ्याशी बोलत नव्हत्या."

मी येते म्हणाले. टाकी धुऊन झाली, पाणी चढवलं, झाकण बसवून त्यावर दगड ठेवला आणि चहा करायला खाली आले.

अक्काच्या मनातली भीती मला नवी नव्हती. आम्ही भावंडं त्या भीतीतच वाढलो. अक्काचा डावा पाय पोलिओचा आहे. मांडी मनगटाएवढी, पोटरी त्याहून बारीक. डाव्या गुडघ्यावर डाव्या हाताने दाब दिल्याशिवाय तो पाय तिचं वजन घेत नाही. त्यामुळे चालताना ती दर पावलाला थोडी वाकते आणि पुन्हा सरळ होते. नांदेडच्या एका शिबिरात तिला पायाला बांधायचा लोखंडी कॅलिपर मिळाला होता. तो तिने काही दिवस वापरला आणि नंतर म्हणाली, "ह्यापेक्षा माझा हात हलका हाय." घरीच पिठाची गिरणी टाकली, स्टुलावर बसून दिवसभर ज्वारी दळते. तिच्या पायाची कीव करणाऱ्याला ती न दळताच डबा परत देते.

आमच्या घरात त्या पायाची गोष्ट एकाच वाक्यात सांगितली जायची: सुईने पाय नेला. अक्का दीड वर्षाची होती. चांगली पळत होती. ताप आला, उलट्या झाल्या, मान धरली. डॉक्टर घरी आले, डाव्या कुल्ल्यावर इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तिला उभं केलं तर डावा पाय दुमडून ती खाली बसली. त्यानंतर महिनाभर करडईच्या तेलाने मालिश झालं. ग्रहणाच्या दिवशी शेतात खड्डा खणून तिला कमरेपर्यंत मातीत पुरून उभं केलं. तिकडे कर्नाटकच्या सीमेवरच्या गावांत हे सर्रास करत. पायात जीव येतो म्हणायचे. अक्काला ते अजून आठवतं, म्हणजे बऱ्याच मोठेपणीपर्यंत हे प्रयोग चालू असले पाहिजेत. "गार गार वाटलं," एवढंच ती सांगते.

त्यानंतर आईने आम्हा बाकीच्या भावंडांच्या अंगाला सुई लागू दिली नाही. शाळेत टोचणारे आले की आम्हाला शेतात पाठवायची. मला पहिली सुई लागली ती माझ्या बाळंतपणात. अक्काने तोच नियम पुढे स्वतःच्या मुलाला लावला. थेंब आले तेव्हा मात्र तिने आनंदाने पाजले, कारण थेंबाला टोक नव्हतं.

मी हे सगळं अडाणीपणाच्या खात्यात टाकून दिलं होतं. पण बुधवारी तिच्यासमोर बसून काय बोलणार, याचा विचार करायला लागले तेव्हा लक्षात आलं की मला स्वतःलाच काही माहीत नाही. डॉक्टरने सुई दिली आणि दुसऱ्या दिवशी पाय गेला, हे तर खरंच घडलं होतं. मग पाय कशाने गेला?

सोमवारी सकाळी पोहे वाढताना एका मुलीला विचारलं. लातूरला मेडिकलच्या तयारीला आलेली मुलं माझ्याकडे जेवतात. ही मुलगी दुसऱ्यांदा परीक्षेला बसणारी, पुस्तक ताटाशेजारी ठेवूनच जेवते.

"पोलिओ कशाने होतो गं?"

"व्हायरसने, काकू. एंटेरोव्हायरस. आरएनए असतो त्याच्यात." पोहे चघळत तिने सांगून टाकलं.

"तो शिरतो कुठून?"

"फीको-ओरल रूट."

"मराठीत सांग."

ती थोडी लाजली. "म्हणजे काकू... एकाच्या शीतून दुसऱ्याच्या तोंडात. पाण्यातून, हातांतून, माशांमुळे."

"आणि इंजेक्शन दिल्याने पाय जातो का?"

तिने पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे सिलॅबसमध्ये नाही काकू."

"पोलिओ झालेला माणूस पाहिलायस कधी?"

"नाही. आता नसतोच ना तो."

ती खरंच बोलत होती. तिच्या वयाच्या कुणीच नवा पोलिओ पाहिलेला नाही. मला त्या गोष्टीचं नवल वाटलं. आमच्या लहानपणी प्रत्येक वर्गात एक तरी पोर पाय ओढत यायचं.

दुपारी स्वयंपाकघर आवरून मी आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांच्या कंपाउंडरचा डबा माझ्याकडून जातो, त्यामुळे गर्दी ओसरल्यावर मला आत सोडलं. डॉक्टरांनी माझ्या रिकाम्या मांडीकडे पाहिलं.

"बाळ कुठाय?"

"उदगीरला. मला फक्त विचारायचंय." मी अक्काच्या पायाची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "तिला कसं पटवू की सुईने पाय जात नाही?"

मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तसं सांगू नका. तुमच्या अक्का अर्ध्या बरोबर आहेत."

मग त्यांनी सांगितलं ते मी जमेल तसं माझ्या शब्दांत लिहिते. हा विषाणू तोंडातून पोटात जातो, आतड्यात वाढतो, शीतून बाहेर पडतो. ज्यांच्या पोटात जातो त्यांपैकी बहुतेक मुलांना काहीच होत नाही. काहींना साधा ताप, घसा दुखणं, उलटी. थोड्यांची मान आखडते. अगदी मोजक्या मुलांत तो मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मारतो. मग हात किंवा पाय एकाएकी लुळा पडतो. मेलेली नस परत येत नाही, म्हणून त्याला औषध नाही. औषध नाही, म्हणून लस.

"आता सुईचं. अक्काच्या अंगात तो आधीच होता. ताप, मान आखडणं, हे सगळं त्याचंच. अशा वेळी स्नायूत खोल सुई टोचली तर त्या स्नायूच्या नसेकडे जाण्याची वाट त्याला मोकळी होते. सुईत कुठलंही औषध असू दे. साधं पाणी टोचलं असतं तरी तेच. तापात जोरजोराने चोळणं, पळवणं, तेही वाईट. तेव्हाच्या डॉक्टरला दोष देऊ नका. सुरुवातीला तो ताप साध्या तापासारखाच दिसतो."

"म्हणजे सुईने आजार आणला नाही."

"नाही. पण कदाचित कुठं बसायचं ते दाखवलं. सुई दिली नसती तर पाय वाचलाच असता, असंही कुणी सांगू शकत नाही."

मी विचारलं, आता पोलिओ नाही तर लस कशाला. ते म्हणाले, शेजारच्या देशांत आहे, आणि माणसं प्रवास करतात. मी विचारलं, थेंब दिलेत तर सुई कशाला. ते म्हणाले, थेंब आतड्यात पहारा करतात, सुई रक्तात. मी मनात म्हटलं, टाकीला झाकण असूनही मी प्यायचं पाणी उकळते, तसं. आणखी एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली, आणि ती ऐकून मी खुर्चीतून उठलेली पुन्हा बसले. थेंबांत जो विषाणू असतो तो जिवंत असतो, दुबळा केलेला. सुईत असतो तो मेलेला.

अक्का पन्नासेक वर्षं मेलेल्याला घाबरून जिवंताला ओठाशी धरत होती.

मंगळवारी खानावळ स्वयंपाकाच्या बाईंवर सोपवून एसटीने उदगीरला गेले. अक्का गिरणीत होती. भुवयांवर पीठ. मला बघून पट्टा थांबवला नाही, नुसती मान हलवली. म्हणजे मी का आलेय ते तिला कळलं होतं.

"सुनेनं बोलावलं व्हय?"

"हाव."

"लई शहाणी झालीस गं लातूरला ऱ्हाऊन. पोरं डॉक्टर व्हायला येतात अन् तू त्याहींना वरण वाढून डॉक्टर झालीस."

एक बाई डबा घेऊन ओट्यावर बसली होती. ती खुदकन हसली. अक्काने तिचं दळण उतरवलं, पीठ डब्यात झटकून दिलं आणि ती जाईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. मग चक्की बंद केली. एवढ्या आवाजानंतर ती शांतता कानाला टोचते.

"बोल. सुईनं पाय जात न्हाई, हेच सांगायला आलीस ना?"

"नाही," मी म्हटलं. "तुझं अर्धं खरं आहे, हे सांगायला आले."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. आजार आधीच आला होता, पाण्यातून किंवा कुणाच्या हातातून. त्यात सुई टोचली म्हणून तो बहुतेक त्या पायात उतरला. तुझं म्हणणं खोटं नव्हतं.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"इतकी वर्षं जो तो मला येडीच समजला," ती म्हणाली. "दवाखान्यातले बी. तू बी."

मी ओट्यावर सांडलेलं पीठ हाताने गोळा करायला लागले.

"अन् त्या डॉक्टरनं काय आपल्या मनानं टोचली न्हाई. आई सांगायची, तो गोळ्या देऊन निघाला होता. आजा दारात आडवा झाला. म्हणला, गोळीनं काय होतंय, सुई मारा. तवा सुई न मारणारा डॉक्टर म्हंजे डॉक्टरच न्हाई."

ही बाजू मला आजवर माहीत नव्हती. पण नवल वाटलं नाही. आजही आमच्याकडे तापाला नुसती गोळी दिली तर लोक दुसऱ्या दवाखान्यात जातात.

वातावरण जरा निवळलं असं वाटून मी उत्साहाने पुढची गोष्ट सांगून बसले, की थेंबात जिता विषाणू असतो आणि सुईत मेलेला. अक्काचे डोळे मोठे झाले.

"अगं बाई! म्हंजे लेकराला एवढे दिवस जिता पाजून राहिले तुम्ही?"

"तसं नव्हे गं..."

"कसं नव्हे? आता थेंब बी बंद!"

दारामागून सुनेचा आवाज आला, "मावशी, हे कशाला सांगितलं?"

आले होते सुई द्यायला, आणि थेंबही घालवून बसले होते. मग सुचलं ते बोलले. "अक्का, नांगी काढलेला विंचू आहे तो. अंगावरून चालतो, चावत नाही. पण आतल्या राखणदाराला कळतं, विंचू असा दिसतो. पुढं खरा आला तर तो ओळखून मारतो. तुझ्या लेकाला पाजलास ना? धडधाकट आहे की नाही?"

"ते हाय म्हणा." मग तिने विचारलं, "सुई कुठं टोचतात? कमरंला?"

"पोलिओची उजव्या दंडाला, कातडीत, थोडीशी. बाकीच्या आजारांच्या दोन मांडीला, पुढच्या बाजूला. लहान बाळाला कमरेला देत नाहीत आता."

"अन् ताप असला तर?"

"बारीक सर्दी-पडसं चालतं. अंग तापलेलं असलं तर सिस्टरला आधी सांगायचं."

"ताप मी बघणार," अक्का म्हणाली. "माझ्या हातानं. सिस्टरच्या न्हाई." आणि चक्की पुन्हा चालू केली.

बुधवारी सकाळी तिने बाळाच्या कपाळाला, पोटाला, तळव्यांना हात लावून बघितला. मग थर्मामीटर काखेत धरून बघितला. मग पुन्हा हात लावला. सुनेने बाळ घेतलं, अक्का गुडघ्यावर हात दाबत आमच्या पुढे चालली. अंगणवाडीच्या पायरीवर सिस्टरने तिच्या पायाकडे बघितलं.

"लहानपणी पोलिओ?"

"हाव. तापात सुई घेतली होती," अक्काने आरोप केल्यासारखं सांगितलं.

"घ्यायला नको होती," सिस्टर म्हणाली आणि खुर्ची सरकवून दिली. अक्का बसली. बाळ तिने स्वतःच्या मांडीवर घेतलं. उजव्या दंडाला टोचलं तेव्हा बाळ जरासं कुरकुरलं. उजव्या मांडीला टोचलं तेव्हा रडलं. डाव्या मांडीला टोचलं तेव्हा गल्ली गोळा होईल असं ओरडलं. अक्काने डोळे मिटले होते. सिस्टरने सांगितलं, थोडा वेळ इथंच बसा, रात्री ताप येईल, तो लसीचाच असतो, हे तापाच्या औषधाचे थेंब द्या. मांडी चोळायची नाही, हळद-चुना लावायचा नाही.

संध्याकाळी ताप आला. येणार हे माहीत होतं, तरी आला तेव्हा आम्ही तिघी बाळाभोवती जमलो. डावी मांडी जरा सुजली होती आणि बाळ तो पाय हलवेना. उजवा पाय झाडत होतं, डावा तसाच पडलेला. हात लावला की किंचाळायचं.

सून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "दुखतंय म्हणून हलवत नाही. हात लावलेला कळतोय बघ त्याला."

अक्का भिंतीला टेकून बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "कळायचं मला बी. मुंगी चावली की रडत होते मी. पाय तेवढा हलत नव्हता."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की पोलिओत संवेदना जात नाही, फक्त हालचाल जाते. मी ते ऐकलं होतं. तिने भोगलं होतं. तापाचे थेंब दिले, ओलं फडकं कपाळावर ठेवलं. अक्का भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांचं सगळं पटलेलं असूनही मीसुद्धा त्या डाव्या पायाकडे पुन्हा पुन्हा बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले. बाळाच्या कपाळाला हात लावला. अंग थंड होतं. सुनेच्या कुशीतून त्याला अलगद उचललं, पुढच्या ओट्यावर ऊन आलं होतं तिथे गोधडी टाकली, लंगोट सोडला आणि उताणं ठेवलं. ते डोळे किलकिले करून बघायला लागलं. मागे अक्काची पावलं ऐकू आली, एक जड, एक हलकं. ती माझ्याजवळ येऊन भिंतीला धरून उभी राहिली.

मी डाव्या तळव्याला बोटाने गुदगुल्या केल्या. आधी अंगठा वाकला. मग गुडघा पोटाशी आला आणि पाय असा झाडला की माझ्या बांगड्या वाजल्या.

"अजून एकदा कर," अक्का म्हणाली.

केलं. पुन्हा लाथ. तिसऱ्यांदा तिने स्वतः खाली बसून केलं आणि लाथ तिच्या हनुवटीला लागली.

"मेल्या," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पुढची कधी हाय?"

"महिन्याने."

"तू नको येऊस. तुझी खानावळ हाय. मी नेते." तेलाची वाटी तिने हाताशी ओढली आणि मांड्या सोडून बाकीच्या अंगाला मालिश करायला लागली. मी चहा घेतला, सुनेला उठवलं, आणि मिळेल त्या पहिल्या लातूर गाडीने निघाले, कारण दुपारचा स्वयंपाक माझ्यावर होता.